बारा घरांची भाकर

ठवकर सर गेल्याचं मला दुर्गहून आलेल्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं. ड्यूटी संपवून मी भिलाईच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा होतो. तुमचे सर सकाळी गेले म्हणे, एवढं बोलून त्यानं घंटी मारली. अंत्ययात्रेला मी सगळ्यांत शेवटी पोचलो आणि मागेच उभा राहिलो. पुढे जायची हिंमत नव्हती. आज सहा आठवड्यांनी लिहितो आहे, तेही दोनदा फाडून.

सर दुर्गला अर्थशास्त्र शिकवायचे. कारखाना उभा राहत होता तेव्हा मी एका ठेकेदाराकडे हजेरी लिहायचो. वर्ध्याकडचा, तिशी ओलांडलेला, बी.ए. अर्धवट सोडलेला. त्यांनी मला पुन्हा परीक्षेला बसवलं, दर रविवारी घरी शिकवलं, जेवूनही घातलं. सर नागपूरहून नुकतेच आलेले, आणि एका पायानं अधू. कारखान्यासाठी ज्यांची धानाची शेतं गेली, ती माणसं आता काय करतात, काय खातात, हे त्यांना लिहायचं होतं. बांधावरून चालणं त्यांना जमेना, म्हणून छापील फॉर्म घेऊन मी जायचो.

मरोद्याच्या पलीकडच्या एका वस्तीत मी दारोदार फिरलो. शेवटची बारा घरं राहिली होती. पहिल्याच दारात एक म्हातारी बसलेली. माझ्या हातातले कागद बघून ती थकल्या आवाजात म्हणाली, "पटवारी लिखिस, साहेब लिखिस, अब तहूँ लिखबे?" तलाठ्यानं लिहिलं, साहेबानं लिहिलं, आता तूही लिहिणार... मला तिच्यापुढे उभं राहवेना. मी मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो आणि ते बारा फॉर्म मनानेच भरले. सकाळचं खाणं या रकान्यात बाराही ठिकाणी ज्वारीची भाकर लिहिली. आमच्या घरी सकाळी तेच असायचं. या मुलखात बासी खातात, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज कामावरचे मजूर डब्यातून तेच आणायचे. पण हात आपल्या घरचं लिहून गेला.

सरांना त्या बारा फॉर्मांनी झपाटलं. धानाचं शेत गेलं, म्हणून भात खाणाऱ्यांवर विकतच्या ज्वारीची पाळी आली, असा सगळा निबंध त्यांनी त्यावर उभा केला. नागपूरच्या परिषदेला निघण्यापूर्वी त्यांनी मला एकदाच विचारलं, "वानखडे, भाकर तू डोळ्यांनी पाह्यली ना रे?"

"हो सर."

परिषदेत छत्तीसगडचेच एक गृहस्थ हसले. ज्वारीची भाकर, आणि आमच्याकडे? सर अडून राहिले, माझा माणूस घरोघर जाऊन आला आहे म्हणाले. मग सगळेच हसले. हे मला त्यांच्यासोबत गेलेल्या एका प्राध्यापकाकडून कळलं. सरांनी कधी विषय काढला नाही. रविवार चालू राहिले, मी पास झालो, कारखान्यात कायम झालो. सरांनी मात्र त्यानंतर काही लिहिलं नाही. प्रकृतीचं कारण सांगायचे. शेवटच्या भेटीत मी सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ते उशीला टेकून बसले होते. माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी करत राहिले, आणि मी उत्तरं देत राहिलो...

परवा सरांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांची पुस्तकं आवरायला बोलावलं. टेबलाच्या खणात निबंधाची हस्तलिखित प्रत होती. ती हातात घेऊन मी काकूंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"आता मले कावून सांगून राहिले, भाऊ? त्यायले सांगायचं होतं."

मग त्या म्हणाल्या, लोक हसले त्यापेक्षा आपला माणूस घरोघर गेला होता की नाही, हेच त्यांना शेवटपर्यंत खात होतं. विचारा ना मग, असं मी म्हणायची. तर म्हणायचे, एकदा विचारलं आहे.

भाजी निवडून झाल्यावर त्यांनी सरांचा पेन माझ्यासमोर ठेवला. दौत वाळली होती, पेनात थोडी शाई होती. भाकरीच्या ओळीशेजारी समासात मी लिहिलं की या बारा घरांत मी गेलो नव्हतो, सरांची यात चूक नाही. खाली माझं नाव घातलं. काकूंनी वाचलं, प्रत खणात ठेवली आणि खण लावून घेतला.