उस्ताद पळाला म्हणे

आमच्या डेपोत कुजबुज होती, की उस्ताद ऐन तपासणीच्या टेबलावरून पळाला. हॉस्पिटलचा मागून उघडा झगा अंगात, आणि थेट तिथल्या गेटपर्यंत! मेकॅनिकनं म्हणे डोळ्यांनी पाहिलं. मी त्या दिवशी उस्तादसोबतच होतो, तरी दोन दिवस गप्प बसलो. इतकी रंगलेली बातमी कोण मोडेल?

उस्ताद म्हणजे आमचा ड्रायव्हर. त्याच्या बसमध्ये मी एकवीस वर्षं घंटी वाजवली. स्टिअरिंगला हात लावण्याआधी लघवीला जाऊन यायचं, हा त्याचा नेम. प्रवासी बोंबलोत, साहेब तडफडोत, नेम चुकायचा नाही.

त्याच लघवीतून रक्त जायला लागलं आणि पठ्ठ्यानं तीन महिने दडवलं. शेवटी बायकोनंच धरून नेलं. "ब्रेकवर पाय बरोबर पडतो यांचा, दवाखान्याचा रस्ता तेवढा चुकतो!"

डॉक्टर म्हणाले, "मूत्राशयात गाठ आहे. साधी असली तर दुर्बिणीतून खरवडू. जहाल असून स्नायूत शिरली असली, तर मूत्राशयच काढावं लागेल. पोटावर पिशवी येईल."

"मग माझी बस?" उस्तादनं विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली. उस्तादच्या निवृत्तीला अजून चार वर्षं होती.

ऑपरेशनआधी एमआरआय ठरला. त्यात शरीरातलं पाणी कसं हलतं ते दिसतं. पेशी दाटीवाटीनं असल्या की पाणी अडकतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

"म्हणजे गर्दीत आमचा कंडक्टर अडकतो तसं," उस्ताद माझ्याकडे बघून म्हणाला.

"अगदी तसंच. जितकं अडकेल, तितकी गाठ जहाल असण्याची शक्यता जास्त."

हसलो आम्ही. बायको नाही हसली.

तपासणीच्या दिवशी मशीनवरच्या ताईनं दोनदा बजावलं होतं, मूत्राशय अर्धं भरलेलं हवं, मधे जायचं नाही. उस्ताद झगा घालून आत गेला. पाच मिनिटांत ताई बाहेर. "काका, मूत्राशय रिकामं! चुरगळलेल्या पिशवीसारखं दिसतंय. त्यात गाठ कशी बघू?"

उस्तादनं मान खाली घातली. "ताई, आडवं व्हायच्या आधी पाय आपोआप तिकडे वळले."

"एक बाटली पाणी प्या. तासाभरानं या."

दुसऱ्या वेळी चित्र स्वच्छ आलं. काळ्या पडद्यावर गाठ पांढरीफटक चमकत होती. डॉक्टरांनी बोट ठेवलं. "इथे पाणी हलतच नाहीये. आणि हे मूळ स्नायूत गेल्यासारखं दिसतंय. तुकडा तपासून पक्कं करू."

उस्तादनं वाकून तो पांढरा ठिपका पाहिला. मग बायकोला हळूच म्हणाला, "बस भरलीय गं."

तुकड्यानंही तेच सांगितलं. महिन्याभरात मूत्राशय काढलं. स्टिअरिंग त्यानंतर त्याच्या हाती आलं नाही.

मेकॅनिकनं गेटपाशी पाहिला तो उस्तादच. तो पळत नव्हता. मूत्राशय भरावं म्हणून पाण्याची बाटली घेऊन येरझारा घालत होता.