त्र्यंबककाकांची तळघरातली शाळा

त्र्यंबककाका बावीस वर्षांचे असताना शशिकांत नावाच्या इंजिनिअरने त्यांना स्वयंपाकासाठी न्यू जर्सीला आणलं. वीटभट्टीवर वाढलेला, शाळेचं तोंडही न पाहिलेला माणूस. घरी पोचताच पासपोर्ट साहेबांच्या कपाटात गेला आणि काका पंधरा वर्षं त्या घरात अडकले. सुट्टी नाही, पगार नाही. बाहेर पडलास तर पोलीस उचलतील, एवढीच अमेरिका त्यांना सांगितली गेली.

त्या घरातली लहान मुलगी, अनया, एकदा ओट्यावरच्या पिठात बोटाने त्यांना ए-बी-सी काढून दाखवत होती. तिची आई आत आली आणि शांतपणे म्हणाली, "अनया, डोन्ट. त्यांचं काम वेगळं आहे." ओटा काकांनीच पुसला.

सुटले तेही भाजले म्हणून. हातावर उकळतं तेल सांडलं. दोन दिवसांनी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवताना शेजारच्या बाईने तो हात पाहिला आणि त्यांना थेट हॉस्पिटलात नेलं. तिथे फोनवरच्या मराठी दुभाष्याने विचारलं, "तुम्हाला घराबाहेर जाऊ देतात का?"

"कुठे जायचं?" काका म्हणाले.

कोर्टात शशिकांतच्या वकिलाने एक करारपत्र काढलं. 'मी पाहुणा म्हणून राहतो, काम स्वखुशीने करतो' असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं, आणि खाली काकांचा अंगठा. शशिकांतला तुरुंग झाला नाही. काही महिने घराबाहेर पडायला बंदी, बस. "तीच शिक्षा मी पंधरा वर्षं भोगली," काका म्हणायचे.

त्या अंगठ्याने त्यांना झोपू दिलं नाही. दिवसा किराणा दुकानात पोती उचलायची आणि संध्याकाळी लायब्ररीतल्या प्रौढांच्या वर्गात बसायचं. हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा ते चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. मग आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी रविवारची शाळा काढली. हॉटेलांतले आचारी, मुलं सांभाळणाऱ्या बाया यायच्या. पहिल्या दिवशी काका प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत: "वाचल्याशिवाय सही करायची नाही. माझं काय झालं ते ऐका."

ते ऐकून एका बाईने मालकिणीकडे आपला पासपोर्ट मागितला. ती मालकीण मंडळाची सभासद होती.

अध्यक्ष प्रल्हाद यांनी काकांना बैठकीत बोलावलं. "काका, शाळा छानच आहे हो. पण ती केस वगैरे कशाला? कम्युनिटीचं नाव खराब होतं."

"नाव मी खराब केलं?" काकांनी विचारलं.

मी सेक्रेटरी होतो, मिनिट्स लिहीत होतो. हॉल रिनोव्हेशनसाठी बंद राहील, असं मीच लिहिलं. रिनोव्हेशन कधी झालंच नाही.

काकांनी शाळा एका चर्चच्या तळघरात हलवली. तीस जणांतले नऊ उरले. पासपोर्ट मागणाऱ्या बाईला मालकिणीने आधीच भारतात परत पाठवलं होतं.

यंदा मंडळाच्या स्मरणिकेत त्या तळघराचा फोटो छापून आला. खाली ओळ होती: 'मंडळाचा साक्षरता उपक्रम'. मी अंक द्यायला गेलो, तेव्हा काकांनी चष्मा लावून ती ओळ वाचली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही, काका."

"पण छापायच्या आधी वाचलं असेल ना?"

मी वाचलं होतं.