गुडघा आधीच सुजला होता

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कुणाच्या हातून स्टीलचा ग्लास पडला की सगळे एका सुरात ओरडायचे, "वाघीण पडली हो."

वाघीण म्हणजे मी. ग्लास दुसऱ्याचा पडायचा आणि माना माझ्याकडं वळायच्या. मी कोपऱ्यातल्या टेबलाला कुबडी टेकवून खाली मान घालून जेवत असायची. सुरुवातीला ग्लास खरंच पडायचे. मग मुद्दाम पाडायला लागले. एक पाडायचा, दहाजण ओरडायचे, आणि मागून कुणीतरी बैलासारखं हंबरायचं. एकदा एकानं माझी कुबडी उचलली, खांद्यावर आडवी धरली आणि विचारलं, "ए, औत कुठं ठेवलंस गं?" काउंटरवरचा माणूससुद्धा हसला. त्याच्याकडं मी रोज चहा घ्यायची.

मी शिरूर अनंतपाळकडची. गावाच्या कडंला आमची वस्ती. वस्ती म्हटलं की लोकांना कळतं, पुढचं सांगावं लागत नाही. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. बाप लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवतो. मी वस्तीतल्या पोरांबरोबर मातीत कबड्डी खेळत मोठी झाले. चढाईला गेले की एकाला तरी बाद करूनच परतायची. म्हणून लातूरच्या ह्या कॉलेजनं मला घेतलं. फी माफ, हॉस्टेलची खोली फुकट. उपकार केल्यासारखं उठता-बसता ऐकवायचे. ऐकून घ्यायची. खोली होती, शिक्षण चालू होतं, आणखी काय पाहिजे होतं मला.

नांदेडला सामने होते. त्याच्या आधी सरावात माझा गुडघा मुरगळला. सकाळी उठून बघते तर सुजून टम्म. त्याच सरावात प्रतीकच्या बहिणीचा घोटाही दुखावला होता. प्रतीक म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या, आणि बहीण माझ्यासारखीच चढाई करणारी. तिच्या घोट्याला सूज नव्हती, पण दुखत होता हे खरं असेल. नांदेडला मैदानाच्या कडंला आमचे कबड्डीचे सर तिला म्हणाले, "बाळा, तू बस. पायाला जपावं लागतं."

मग माझ्याकडं वळले. मी गुडघा दाखवला. त्यांनी बोटानं दाबून बघितला. मी ओरडले. ते म्हणाले, "तुला काय होतंय? तुम्हा लोकांची हाडं दणकट असतात."

आणि स्वतःच्या हातानं पट्टी बांधली. इतकी घट्ट की पोटरीला मुंग्या आल्या. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा ते कौतुक वाटलं. दणकट म्हणाले सर. मी खूश होऊन मॅटवर उतरले.

चढाईला गेले, कोपऱ्यातल्या पोरीनं घोटा धरला. मी रेषेकडं झेप घेतली आणि गुडघ्यातून आवाज आला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. त्यानंतर फक्त वरचं पत्र्याचं छत आठवतं, आणि सलीममामांचा आवाज.

सलीममामांचा शिरूरला फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचं शूटिंग करतात, आणि हौसेपायी तालुक्याच्या बातम्या यूट्यूबवर टाकतात. आपल्याकडची पोरगी खेळायली म्हणून कॅमेरा घेऊन एसटीनं नांदेडला आले होते. मी पडले तेव्हा ते थेट प्रक्षेपणावर बोलत होते. "आन् वाघीण पडली हो, आमच्या शिरूरची वाघीण पडली." शेवटच्या शब्दाला रडले ते. तेवढं रडणं कॉलेजला वर्षभर हसायला पुरलं.

आमच्या कॉलेजात कबड्डीचं वेड मोठं. प्रतीकची टोळी प्रत्येक सामन्याला ताशा घेऊन जायची. मामांनी नंतर दवाखान्यातलं चित्रण जोडून पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर टाकला होता, त्याचे त्याच टोळीनं तुकडे केले. मामांच्या रडण्याचा एक. दुसरा माझ्या मायचा. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून माय कॅमेऱ्यात म्हणते, "माझी लेक बैल हाय." एवढंच. त्याच्यामागं पोळ्याचा बाजा लावलेला. माझ्या तोंडावर बैलाची शिंगं चिकटवलेली. पोरापोरांच्या मोबाईलवर ते फिरलं, मग पोरींच्या, मग मास्तरांच्याही.

पूर्ण व्हिडिओ मी बघितला नाही. मायच्या तोंडून तसलं वाकडं वाक्य निघालंच कसं, ह्या विचारानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मायला मी काही विचारलं नाही. सुट्टी असूनही घरी गेले नाही.

नंतर हसणं कमी झालं आणि दुसरं काहीतरी सुरू झालं. वर्गात गेले तर माझ्या बाकावर बैलाच्या गळ्यातली घंटी बांधलेली. मी सोडली, पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरी. कोण बांधतंय ते कुणालाच दिसत नव्हतं म्हणे, भरल्या वर्गात. एका सकाळी हॉस्टेलच्या खोलीचं दार उघडलं तर उंबऱ्याशी कडब्याची पेंढी. तीन मजले चढून कुणीतरी ती आणून ठेवली होती, पोरींच्या हॉस्टेलात, कुलूप लावलेल्या गेटातून. मी पेंढी घेऊन रेक्टरबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, "मस्करी गं पोरांची. आणि हे इथं कचरा करू नको." गेटावरचा वॉचमन माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. त्या दिवसापासून मी खोलीचं दार आतून लावून त्याला ट्रंक टेकवायला लागले.

मग सरांनी बोलावलं. गॅदरिंग जवळ आलं होतं. सरांसमोर प्रतीक बसलेला, पायावर पाय टाकून. सरांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. सर कधी चहा मागवत नाहीत.

"गॅदरिंगला तुझ्यावर एक प्रहसन करायलेत पोरं," सर म्हणाले. "तू स्वतःच काम कर त्यात. हसण्यावारी नेलं की विषय मिटतो. खेळाडूवृत्ती म्हणतात ह्याला."

"काय करायचं मी?"

"पडायचं नाटक करायचं," प्रतीक म्हणाला. "आणि शेवटी एक वाक्य. 'सर नको म्हणत होते, मीच हट्टानं खेळले.' संपलं."

मी सरांकडं बघितलं. सर चहात बघत होते. "पुढच्या वर्षी हॉस्टेलच्या खोल्या कमी हायत," ते म्हणाले. "पण तुझं बघू आपण."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? एक पाय धड नाही, खेळ बंद, आणि खोली गेली तर शिक्षणही गेलं. बाहेर आल्यावर एवढं मात्र ठरवलं की हे सगळं ज्यातून सुरू झालं तो व्हिडिओ तरी जगातून गेला पाहिजे. रविवारी जीपनं शिरूर गाठलं.

मामा स्टुडिओत एका नवरीचा फोटो साफ करत बसले होते. मी उभ्या-उभ्याच म्हणाले, "मामा, तो व्हिडिओ काढून टाका. लई झालं आता."

ते माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "काढतो बेटा. तुझी बात हाय, तू म्हणशील तसं. पण आखिरपर्यंत बघितलीस का तू?"

"न्हाई."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला.

मी पडते तिथवर मी ओठ दाबून बघितलं. मग दवाखान्याची पायरी आली. माय. पदर तोंडाला लावलेला, मग तिनं तो खाली घेतला. ती म्हणत होती, "बैल लंगडला तर मालक त्याला औताला जुंपत न्हाई. गोठ्यात बांधून वैरण घालतो. मंग माझी लेक बैल हाय, असं तरी समजायचं व्हतं सरांनी. सुजल्याला गुडघा दिसला न्हाई का त्यांला?"

माझी माय वाकडं काही बोललीच नव्हती. सगळ्या कॉलेजात कुणी विचारला नाही तो प्रश्न तिनं विचारला होता, आणि त्यातले चार शब्द कापून तिच्याच लेकीच्या गळ्यात बांधले होते.

पुढं मामांनी सामन्याआधीचं चित्रण दाखवलं होतं. माझा उघडा गुडघा, सुजलेला. सर खाली बसून पट्टी बांधतायत. शेजारी बाकावर प्रतीकची बहीण पाय लांब करून बसलेली. मग मामा स्वतः कॅमेऱ्यासमोर येतात. रडत नाहीत, ओरडत नाहीत. म्हणतात, "एकीला आराम दिला, दुसरीला पट्टी बांधून उतरवलं. का उतरवलं, ते कॉलेजनं सांगावं."

पोरांचं सगळं हसणं ह्याच्या अलीकडंच थांबत होतं. इथवर कुणी येऊच नये म्हणून ते हसणं होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली माझी. मी पण तिथवर आले नव्हते ना. मला पण त्यांनी अलीकडंच अडवून धरलं होतं, माझ्याच लाजेनं.

"आता सांग. काढू?" मामांनी विचारलं.

"राहू द्या."

मामांनी मान हलवली. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "मलाबी फोन येऊन राहिलेत. नाव सांगत न्हाईत. 'दुकान रोडवर हाय तुमचं,' एवढं म्हणतात आन् ठेवून देतात." आणि ते परत त्या नवरीच्या फोटोकडं वळले.

गॅदरिंगच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. पुढच्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या शेजारी सर. स्टेजवर प्रतीकच्या हातात माईक. त्यांनी एका पोराला माझी माय केलं होतं. विटकं लुगडं, डोक्यावरून पदर, कंबरेला खुरपं, हातात बैलाचं दावं. तो यायच्या आधीच लोक हसायला लागले. मी कुबडी टेकवत पायऱ्या चढले. प्रतीकनं माझ्या अंगावर टाकायला बैलाची झूल आणली होती, आरसे लावलेली.

"घाल," तो हसत म्हणाला. "मजा येईल."

लुगडं नेसलेला पोरगा दावं घेऊन माझ्या गळ्याजवळ आला. जवळ आल्यावर त्याचे डोळे दिसले. त्याला त्यात काहीच वाटत नव्हतं. मी दावं त्याच्या हातातून घेतलं आणि खाली टाकलं. प्रतीकच्या हातातला माईक घेतला. त्यानं दिला, कारण त्याला वाटलं मी ठरलेलं वाक्य बोलणार आहे.

मी म्हणाले, "माझा गुडघा सामन्याच्या आधीच सुजला होता. मी सरांना दाखवला. सर म्हणाले, 'तुम्हा लोकांची हाडं दणकट असतात.' सर, तुम्ही म्हणालात का नाही?"

माईक बंद झाला. कुणी केला ते दिसलं नाही. मी बिनमाईकचं परत विचारलं, "म्हणालात का नाही?"

मांडवात कुणी हसलं नाही. माझ्या संघातल्या पोरी एका रांगेत बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं त्या दिवशी, आणि सगळ्या मूग गिळून बसल्या. सर मोबाईलमध्ये बघत होते. अध्यक्ष मागं वळून कुणालातरी म्हणाले, "हिला वर कुणी घेतलं?"

प्रतीक माझ्या कानाशी आला. अजून हसतच होता, लोकांना दिसावं म्हणून. "खोली रिकामी कर उद्या."

"करते," मी म्हणाले. "सरांना उत्तर द्यायला सांग."

त्यांनी पडदा पाडला. पडद्याच्या आत मी आणि ते सगळे. तेव्हा मात्र भीती वाटली, खरं सांगते. चारी बाजूंनी उभे राहिले होते, कुणी हात लावला नाही, कुणी वाटही दिली नाही. मी कुबडी पुढं टाकत त्यांच्यातून चालत बाहेर आले. तेवढं अंतर मला नांदेडपेक्षा लांब वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाप ट्रंक न्यायला आला. आता मी गावाहून जीपनं ये-जा करते. गुडघा पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टर म्हणतात, कबड्डी संपली. तक्रार दिली आहे. चौकशीला कॉलेजनं समिती बसवली, त्या समितीत सर स्वतःच आहेत. सलीममामांच्या दुकानाची काच कुणीतरी फोडली. मामांनी नवी बसवली आणि व्हिडिओ तसाच ठेवला. माय रोज विचारते, "कालिजातून नाव काढलं तर गं?" मी तिला धीर देत नाही. काढतीलही.

संघात माझ्या जागी नवी पोरगी घेतली आहे, किल्लारीकडची. तिचं घर कसलं असेल ते तिची चप्पल बघून कळतं. परवा सरावानंतर ती भिंतीला धरून चालत होती. मी विचारलं, "पायाला काय झालं?" ती म्हणाली, "काही न्हाई ताई. सर म्हणाले, खेळलं की मोकळा होतो."

येत्या सामन्यांना संघ परत नांदेडला जाणार आहे. मी त्यांच्या आधीच्या गाडीनं जाणार. पंचांना सांगणार, ही पोरगी जायबंदी आहे. पंचांनी ऐकलं नाही तर मॅटच्या मधोमध जाऊन बसणार. मला तिथून उचलून बाहेर टाकावं लागेल, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाकावं लागेल.