दाजींच्या लाल अळ्या

आमच्या दाजींना माणसांपेक्षा अळ्यांची ओढ जास्त. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात न्हावऱ्यात, शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि उरलेल्या जन्मात पीएच.डी. करतात. परसातल्या टबात त्यांनी लाल अळ्या पाळल्या आहेत. या अळ्यांच्या लाळेच्या ग्रंथीत क्रोमॅटिनचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा मजकूर गुंडाळून ठेवलेल्या धाग्यांचे, जाडजूड पट्टे दिसतात. औषधाचा थेंब पडला की धागा कुठे सैलावतो, कुठे आवळतो, हे दाजी बघत बसतात. त्यामुळे कोणी पाहुणा आजारातून उठला की ते तब्येतीआधी उरलेल्या गोळ्यांची चौकशी करतात. हे सगळं मला कळत नाही, असं मी एकदा म्हणालो. वेळ चुकली, केडगावला माझंच लग्न होतं. "हे बघ, घट्ट हाय तवर आतलं वाचता येत न्हाई," म्हणत दाजींनी माझा फेटा उतरवला आणि औषध पडल्यावर काय होतं ते करून दाखवलं. फेटेवाला तोवर जेवून गेला होता. लग्नाच्या फोटोंत मी मामांची टोपी घालून उभा आहे.

अडचण एवढीच, की आमची ताई गावची आशाताई, म्हणजे घरोघर फिरून आरोग्याचं काम बघणारी. दर आठवड्याच्या कोरड्या दिवशी ती डासांच्या भीतीने घरोघरचं साठलेलं पाणी ओतायला लावते. आपल्या अळ्या डासांच्या नाहीत, हे दाजींनी गावाला परोपरीने सांगितलं. गावाने नुसतं ऐकून घेतलं. मग एकदा एका म्हातारीने ताईला दारातच अडवलं. आधी घरचा टब पालथा कर, मग माझ्या रांजणाला हात लाव, म्हणाली.

ताई तडक घरी आली आणि चार बायांदेखत तिने टब ओतला. दाजींच्या शेवटच्या औषधाचं काम त्याच अळ्यांवर व्हायचं होतं. त्यावाचून प्रबंध अडणार होता. संध्याकाळी दाजींनी ओली जमीन बघितली आणि ते पायरीवर बसून राहिले. भांडले असते तर ताईला बरं वाटलं असतं.

पुढच्या कोरड्या दिवशी ताई बरणी घेऊनच गावात हिंडली. लाल अळ्या दिसल्या की आधी त्या गाळून घ्यायच्या, मग पाणी ओतायचं. दुपारी मी तिथेच होतो. तिने बरणी दाजींपुढे ठेवली आणि ह्या तुमच्यातल्याच ना, म्हणून विचारलं. दाजींनी उजेडात धरून बघितलं. आपल्याच, म्हणाले.

"मग मला बी दावा की एकदा," ताई म्हणाली. "समद्या गावाला दावलं, मला कवा न्हाई."

दाजींनी सूक्ष्मदर्शक तिच्यापुढे ओढला. दूधवाल्याने बघितलं होतं, मी बघितलं होतं. हिला विचारायचं राहूनच गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. ताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसली. चहा दाजींनी केला. त्यात साखर नव्हती, तरी आम्ही सगळ्यांनी कप रिकामे केले.