डोळे बारीक करा

“ताई, डोळे बारीक करा.”

गिऱ्हाइकाला असा हुकूम सोडणारा फोटोवाला सुरतेच्या अख्ख्या पांडेसऱ्यात एकच होता, आणि तोही नेमका माझ्या फॉल-पिकोच्या दुकानाला लागून. काँप्युटरवर फोटो काळा-पांढरा केला की मान मागे नेऊन आधी स्वतः डोळे किलकिले करायचा, मग आपल्याला करायला लावायचा. तेवढ्या मिणमिणत्या नजरेतही चेहरा उठून दिसला तर फोटो पास. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मग गिऱ्हाइकाचं दहावं टळलं तरी बेहत्तर!

आता तुम्हीच सांगा, सगळा पांडेसरा कापडाला रंग चढवण्यात गढलेला, आणि हे महाशय रंग उतरवायला बसलेले. पण धंदा चालायचा. आमच्या खानदेशी वस्तीत गेलेल्या माणसाचा हाराचा फोटो काळा-पांढराच लागतो. का, ते विचारू नका. कोणीतरी सुरू केलं, बाकीच्यांनी पुढे ओढलं.

शिवाय तो गोरा लागतो. डाइंग मिलच्या वाफेत जन्मभर काळवंडलेला बाप मेल्यावर एकदम राजबिंडा दिसायला हवा. “भो, जरा गोरा करी दे ना,” असं कोणी म्हटलं की हा शांतपणे विचारायचा, “करतो. पण मग पिंडाला कावळा कसा ओळखणार?” अशा तोंडाने गिऱ्हाईक टिकतं होय? तरी टिकायचं.

माझी आई गेली तेव्हा तिचा धड एक फोटो नव्हता. भाच्याच्या लग्नातला मोबाइलवर सापडला. पोपटी साडी, डोक्यावर पदर, सावळा चेहरा. मी म्हटलं, “भाऊ, बटण दाबा नि द्या. उद्या दहावं आहे.”

त्याने दाबून दाखवलं. साडी आणि चेहरा एकाच राखाडीत बुडाले. आईचं नुसतं गाठोडं झालं.

“बघितलं? बटणाला आई कळत नाही,” तो म्हणाला आणि बसला ठाण मांडून. पडद्यावरची हिरव्या रंगाची पट्टी खाली ओढली तसा पदर गडद झाला. लालची जराजरा वर नेली तसा चेहरा सुटा झाला. कपाळावरचं गोंदण मात्र ठसठशीत राहिलं. तीन वेळा चहा झाला, माझ्या खर्चाने.

“अजून थोड्या गोऱ्या करा ना,” माझी वहिनी म्हणालीच.

“वहिनी, यांच्या हातची कळण्याची भाकरी खाल्लीय मी. यांना ओळखतो. तुम्ही म्हणता ती गोरी बाई कोण?”

वहिनी फुगली. मी डोळे बारीक केले, तर आई समोर. आता ओरडेल की काय, अशी. मला हुंदकाच फुटला. तर हा म्हणतो, “झालं ना? फ्रेम समोरच्याकडून घ्या, माझ्याकडच्या भंगार आहेत.”

मागच्या दिवाळीनंतर छातीत कळ येऊन तो गेला. दहाव्याला त्याच्या घरी गेले. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, जावयाने मोबाइलवर दोन मिनिटांत केलेला. गोरापान! “काय तेज आलंय,” बायका म्हणत होत्या. जावई खूश होता.

माझे डोळे आपोआप बारीक झाले. मिशी तेवढी दिसत होती, बाकी चेहरा भिंतीत विरघळला होता. रागही आला आणि रडूही.

वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको उभी होती, मान मागे, डोळे किलकिले.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “हे दिसतच नाहीत हो.”