बेकरीवाल्यांचं माप

त्या गावात कपड्यांची मापं तीनच होती: पोस्टवाली, बेकरीवाले आणि वेल्डिंगवाला. लहान, मध्यम, मोठं असले शब्द टाकेकाकूंच्या दुकानात चालत नसत. कुणी शिवायला आलं, की काकू चष्म्याच्या वरून त्याला एकदा नीट बघून घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या, "तुम्ही बेकरीवाले. पण खांद्याला थोडे वेल्डिंगवाले." गिऱ्हाईक बिचारं मान हलवायचं. आठ दिवसांनी कपडा घालून बघावा, तर काखेत ओढ नाही, पाठीला चुणी नाही. मग कोण कशाला वाद घालतंय.

काकूंच्या गळ्यात टेप असायची, नाही असं नाही. पण चाळीस वर्षं हाताळून तिच्यावरचे आकडे पार उडाले होते. ती नुसती शोभेला. काकूंचा भरवसा डोळ्यांवर, बोटांवर आणि त्या तीन माणसांवर. पहिला कपडा त्या तिघांपैकी एकाच्या अंगावर टाचून बघायचा, तो बसला की त्याच्यावरून बाकीचे बेतायचे. कागदावर आकडा लिहिणं म्हणजे काकूंना स्वतःचा अपमान वाटायचा.

बाजारात तयार कपडे आले आणि काकूंचं दुकान हळूहळू चेन बदलणे आणि पँटची उंची कमी करणे यावर आलं. वेल्डिंगवाल्याचं काम तालुक्याला गेलं होतं, बेकरीत दुपारनंतर माशा मारायची वेळ यायची. गाव काही मेलं नव्हतं, पण आळसावलं होतं खरं. तेवढ्यात विभागीय विकास कार्यालयाची योजना आली. गावातल्या छोट्या धंद्यांना हात द्यायचा, असं ठरलं. बंद पडलेलं धान्याचं गोदाम झाडून पुसून शिवणाला दिलं, तीन विजेची मशिनं दिली, एक लांबलचक कापायचं टेबल दिलं. बेकरीवाल्यांना तीन चाकांची, पुढे मोठी पेटी असलेली सायकल मिळाली. पलीकडच्या चार वाड्यांवर दुकान नव्हतं, तिथे त्यांनी रोज पाव पोचवायचा.

गोदामात काकू धरून सहा बायका जमल्या. त्यात काकूंची सून होती, आणि खरं सांगायचं तर सगळा जीव तिथेच अडकला होता. काकूंचा मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सून हाताची चलाख, पण घरात बसून तिचे हात गंजत चालले होते. शहरातल्या कपड्याच्या कारखान्याचा अर्ज तिने आणून ठेवला होता. लपवला नव्हता, तसला तिचा स्वभावच नाही. सरळ सांगून टाकलं होतं, "आई, हे गोदाम चाललं तर मी इथेच. नाही चाललं तर छोटीला घेऊन जाते. रागावू नका." काकू रागावल्या नाहीत. पण छोटी म्हणजे सहा वर्षांची नात, काकूंच्या कुशीत झोपणारी. ती गेल्यावर त्या घरात काकू आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढंच उरणार होतं.

योजनेची अट सोपी होती. वर्षाच्या आत एक मोठं काम पूर्ण करून गिऱ्हाइकाची पसंती मिळवायची. मिळाली तर गोदाम आणि मशिनं कायमची. नाही मिळाली तर मशिनं पुढच्या गावाला. काम आलं एका मोठ्या रोपवाटिकेचं: माळीकाम करणाऱ्यांसाठी नव्वद कोट. तीस लहान, चाळीस मध्यम, वीस मोठे.

योजनेवर देखरेख करायला एक मॅडम होत्या. वय असेल तिशीचं, पायात मजबूत बूट, काखेत फाइल. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती, आणि काकूंशी तिचं पहिल्या दिवसापासून वाजलं. मॅडम म्हणाल्या, मापं लिहून ठेवा, पुठ्ठ्याचे साचे करा. काकू म्हणाल्या, बघू. म्हणजे नाही. मग मॅडमनी एक शिवण उलटून बघितली आणि कपाळाला हात लावला. आत दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं. एक बोट पुरे, एवढं कापड वाया का घालवायचं, असं त्यांचं म्हणणं.

"माणूस आज आहे तेवढाच उद्या राहतो का?" काकू फणकारल्या. "जाड होतो, बारीक होतो. कपड्याने सांभाळून घ्यायला नको?"

मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि विषय सोडला. नमुना म्हणून शिवलेला पहिला मध्यम कोट घेऊन त्या गेल्या. रोपवाटिकेने तो पसंत केला आणि काम सुरू झालं.

काय बहर होता त्या दिवसांत! मशिनं सकाळी सुरू व्हायची ती दुपारपर्यंत दम घ्यायची नाहीत. सहा बायकांच्या सहा तऱ्हा. एक काज करताना गाणं म्हणायची, दुसरी तिला गप्प बस म्हणून स्वतःच सूर धरायची. पोस्टवाली टपाल वाटता वाटता येऊन कोट घालून बघून जायची. वेल्डिंगवाला दारातून वाकून आत यायचा आणि गुदगुल्या होतात म्हणून टाचणीला घाबरायचा. मध्यम कोट चार खेपांत करायचे ठरले, दर खेपेला दहा. प्रत्येक खेपेच्या आधी बेकरीवाले यायचे, टेबलाशेजारी हात पसरून उभे राहायचे आणि काकू त्यांच्या अंगावर कोट टाचायच्या. तेवढ्या वेळात चारही वाड्यांच्या बातम्या व्हायच्या. कुणाची म्हैस व्याली, कोणत्या चढावर सायकल ढकलावी लागते, कोणती आजी पाव घेताना अजून दाबून बघते. दर खेपेचा पहिला कोट त्यांना अगदी चपखल बसायचा. काकू एक पाऊल मागे सरकून बघायच्या आणि स्वतःवरच खूश व्हायच्या.

तीन महिने गेले. नव्वद कोट झाले. परवा मॅडम आणि रोपवाटिकेचे मुकादम येणार, म्हणून सगळ्या जणी इस्त्री करून घड्या घालायला बसल्या. सुनेने मध्यम कोटांची चळत रचली आणि थांबली. पुन्हा हाताने सारखी केली. तरी कडा जुळेनात. खालचे दहा रुंद, त्यावरचे थोडे कमी, त्यावरचे आणखी कमी. चळतीला चक्क पायऱ्या पडल्या होत्या.

"आई," ती हळूच म्हणाली, "हा जिना कसला झालाय?"

काकूंनी चळत हाताने चाचपून बघितली. पहिल्यांदा दोष इस्त्रीवर गेला, मग कापडावर, मग कापड देणाऱ्या दुकानदारावर, आणि त्या बिचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायच्या बेतात असतानाच बाहेर घंटी वाजली. बेकरीवाले सायकल लावून आत आले. चेहरा तुकतुकीत, चालण्यात उड्या. पँट सुतळीने बांधलेली, पट्ट्याची भोकं संपली होती म्हणून. बायका त्यांना रोज बघत होत्या, आणि रोज बघितलेलं माणूस कधी नीट दिसतं का? आज सहाही जणी एकदम बघत राहिल्या. बेकरीवाले दारातच गोंधळले.

"बेकरीवाले," काकू म्हणाल्या, "तुमचं पोट कुठे गेलं?"

पोट चढावर गेलं होतं. रोज चार वाड्या, जाऊन येऊन बारा मैल, पुढे पावाची भरलेली पेटी. योजनेच्या सायकलीने योजनेच्या कोटांचा घास घेतला होता. बेकरीवाल्यांना कळल्यावर ते बाकावर मटकन बसले. आपण दोन दिवसांत खाऊन खाऊन पूर्ववत होतो, असं त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. त्याही अवस्थेत दोघी जणी तोंडाला पदर लावून हसल्या.

काकू मात्र हसल्या नाहीत. माणूस आज आहे तेवढाच उद्या राहतो का, हे कोण म्हणालं होतं? त्याच. सगळ्या जगाला ऐकवलं आणि स्वतः मात्र एका माणसाच्या पोटावर चाळीस कोट बेतले. त्यांना स्वतःचा इतका राग आला, की गळ्यातली टेप काढून त्यांनी टेबलावर आपटली. सुनेकडे बघून तर त्यांना जास्तच लागलं. ती शांतपणे कोट वेगळे करत होती, दहा-दहाचे चार ढीग.

आता बारीक कोट मूळ मापावर आणायचे, तर मूळ माप हवं. ते गावात कुठेच नव्हतं. जुने बेकरीवाले कोणी लिहून ठेवले नव्हते. पहिल्या खेपेवरून घ्यावं, तर तेव्हा सायकल येऊन पंधरा दिवस झाले होते, त्याचाही भरवसा नाही. खरं माप एकाच ठिकाणी होतं, सायकल यायच्या आधी शिवलेल्या नमुन्याच्या कोटात, आणि तो होता मॅडमच्या कपाटात. त्यांना विचारायचं म्हणजे चूक कबूल करायची, तीही परवा मशिनं ठेवायची की न्यायची ते ठरवणाऱ्या बाईपाशी. एक जण म्हणाली, मुकादम काय एकेक कोट घालून बघणार आहे? वरचेवर चांगले ठेवू. काकूंनी तिच्याकडे असं बघितलं, की ती पुन्हा काज करायला लागली.

फोन काकूंनी स्वतः लावला. सगळ्या भोवती उभ्या.

"मॅडम, टाकेकाकू बोलतेय. मध्यम कोट बिघडलेत. चूक माझी, बाकी कुणाची नाही. तुम्ही माप लिहा म्हणालात, मी लिहिलं नाही. मी बेकरीवाल्यांवर बेतलं, आणि बेकरीवाले तुमच्या सायकलीने निम्मे केले."

पलीकडून आधी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, कपाट उघडल्याचा आवाज. मॅडमनी नमुन्याचा कोट काढला आणि एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. छाती, कंबर, घेर. काकूंनी खडू उचलला आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर आकडे लिहिले, मोठे मोठे, पहिलीतल्या मुलासारखे. सुनेने आपल्या नव्या टेपने शेवटच्या खेपेचा एक कोट मोजला. सहा बोटं कमी.

"काकू," मॅडमनी विचारलं, "आत कापड किती ठेवलंय?"

"दोन बोटं."

"मी एकच ठेवा म्हणाले होते."

"हो, म्हणाला होतात."

"बरं झालं ऐकलं नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं हसू फुटलं ते थांबेना. काकूंचाही बांध फुटला. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, आणि ते निव्वळ हसण्याचं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि सुनेलाही.

दोन्ही कुशींच्या शिवणी, प्रत्येक शिवणीला दोन पदर, प्रत्येक पदरात दोन बोटं. म्हणजे आठ बोटं कापड आत झोपलेलं. त्यातली सहा उठवायची होती. एकच बोट ठेवलं असतं, तर शेवटच्या खेपेचे कोट चिंध्यांत गेले असते. दोन दिवस गोदामात नुसती उसवाउसव. पोस्टवालीने टपाल वाटून झाल्यावर सुई हातात घेतली. वेल्डिंगवाल्याने एवढाल्या बोटांनी टाके काढले, एकही कापड फाटू दिलं नाही. बेकरीवाले पावाची टोपली मधोमध ठेवून अपराध्यासारखे उसवत बसले आणि दर अर्ध्या तासाने माफी मागत राहिले. शेवटी काकूंनी दटावलं, की तब्येत सुधारल्याची माफी मागणारा माणूस आपण पहिल्यांदाच बघतोय.

तिसऱ्या दिवशी मुकादम आले. गृहस्थ बोलायला महाग. त्यांनी चळतीच्या मधून एक मध्यम कोट ओढला, घातला, हात वर केले, वाकून जमिनीवरचं रोप उपटल्यासारखं केलं. मग कुशीची शिवण उलटून बघितली. जुन्या टाक्यांच्या बारीक भोकांची ओळ होती तिथे. मॅडम काही बोलणार, तेवढ्यात काकूंनीच सगळं सांगून टाकलं, पोटापासून सायकलीपर्यंत. मुकादमांनी ऐकून घेतलं. बाहेर उभ्या असलेल्या बेकरीवाल्यांकडे आणि त्यांच्या सुतळीकडे बघितलं. आणि कोट न काढताच म्हणाले, "पुढच्या हंगामाला आणखी दीडशे लागतील."

काकूंचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी कागदावर सही केली आणि फाइल मिटली. पण जाण्याआधी त्यांनी पुठ्ठा मागितला. या वेळी काकू बघू म्हणाल्या नाहीत. त्यांनी आकडे भिंतीवरून उतरवून घेतले, साचे कापले, भोक पाडून खिळ्याला टांगले. मध्यमच्या साच्यावर नाव लिहायची वेळ आली, तेव्हा थोडा विचार केला आणि लिहिलं: बेकरीवाले, सायकलीच्या आधीचे.

मॅडमनी ते वाचलं आणि खोडा म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी बाकीच्या गेल्यावर काकू खिळ्यांवरचे साचे नीट करत होत्या. पाठ, पुढा, बाही, गळपट्टी. शेवटचा खिशाचा साचा लहान होता. पुठ्ठा संपल्यामुळे सुनेने तो घडी घातलेल्या जाड कागदाचा कापला होता. काकूंनी तो सहज उलटा केला. मागे छापील अक्षरं होती, अर्धं कापलं गेलेलं कारखान्याचं नाव, आणि त्याखाली 'अर्जदाराची सही' असं लिहिलेली मोकळी ओळ.

सून दारात चपला घालत होती. छोटी तिच्या हाताला लोंबकळत होती, आजी चल ना म्हणून ओरडत होती. काकूंनी साचा परत खिळ्याला अडकवला, छापील बाजू भिंतीकडे करून, आणि दिवा मालवला.