तो आकडा उतरव

माझी प्रार्थना बहुतेक वेळा हुकूमच असते, हे आधीच कबूल करते. मे महिन्यात माझ्या सात वर्षांच्या लेकीचा हात मोडला, वर्षभरात दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. शनिवारी रिपोर्ट मोबाइलवर आला. अल्कलाइन फॉस्फटेज नावाच्या कसल्याशा घटकाचा आकडा मर्यादेच्या तिप्पट, तोही ठळक अक्षरांत. डॉक्टर थेट सोमवारी भेटणार होते. मी नेटवर शोधत बसले आणि हाडाच्या कॅन्सरपर्यंत पोचले. मग मालाडच्या आमच्या घरात भांडी आपटत देवाशी भांडत राहिले. मागणं एकच, तो आकडा उतरव.

रविवारी लेकीला घेऊन माहेरी, मनोरीला गेले. मे महिन्यात तिथे गावच्या क्रूसासमोर संध्याकाळी मरियामातेची लितानी, म्हणजे तिच्या एकेका नावाची प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात. सगळे मरियामातेला "आमच्यासाठी विनंती कर" म्हणत होते आणि मला रडूच आवरेना. शेजारी वाकोल्याहून पाहुणी आलेली एक आंटी बसली होती. इस्पितळाच्या लॅबमध्ये जन्म गेला म्हणाली. मी रिपोर्ट उघडून मोबाइल तिच्या हातात दिला.

तिनं आकडा पाहिलाच नाही, आधी वरच्या ओळी वाचल्या.

"पोरगी किती वर्षांची?"

"सात."

"मग हे अडतीस कोणाचं?"

माझं! लॅबमध्ये मी माझा मोबाइल नंबर सांगितला, त्यावर माझी जुनी नोंद उघडली. नाव लेकीचं घातलं, वय माझंच राहिलं, आणि मर्यादाही माझ्याच वयाच्या छापल्या गेल्या.

"अगं, वाढत्या पोरांत हे जास्तच असतं ना. हाड जुळताना आणखी चढतं कधीकधी. पण माझ्यावर जाऊ नको हां, उद्या डॉक्टरला वय दाखव."

सोमवारी डॉक्टरांनी लॅबकडून वय दुरुस्त करून घेतलं. आकडा तोच होता, पण लहान मुलांच्या मर्यादेत चोख बसला. बाकीचं रक्तही ठीक होतं. एक्स-रेमध्ये नवं हाड धरू लागलेलं दिसलं.

त्या आंटीचं नावही विचारायचं राहून गेलं. तिला नेमकं माझ्याच शेजारी कोणी बसवलं, यावर मी वाद घालत नाही. हल्ली मागणं सांगून झालं की "पुढचं तुला ठाऊक" म्हणते आणि गप्प बसते, जमेल तितकं. कारण तो आकडा म्हणजे माझ्या लेकीचं वाढणं होतं, तिचं हाड सांधणं होतं. दोन दिवस मी देवाला तेच थांबवायला सांगत होते. त्यानं माझं ऐकलं नाही, याचेच उपकार मानते.